घर मागणारा नट आणि पदपथावरचा राजा

१/२९
२३ डिसेंबर १९७०. मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला आणि गणपतराव बेलवलकर नावाच्या वृद्ध नटाने जगाकडे घर मागितले. ते स्वगत पुढे इतके पसरले की नाटक न पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते होते, नकलांमध्ये होते, मीममध्येही होते. मात्र नाटकात त्या मागणीला होकार कोण देतो, हे विचारले तर बहुतेकांना आठवावे लागते.

२/२९
होकार देतो राजा. बूटपॉलिश करून पोट भरणारा, स्वतः उघड्यावर राहणारा एक पोरगा. ज्याच्याकडे छप्पर नाही तो आपल्या पदपथाचा तुकडा म्हाताऱ्याला देतो. नाशिकच्या एका लेखकाने हे पात्र लिहिले. या धाग्यात पाहायचे आहे ते हे की मराठी कलेने, विशेषतः नाशिकशी जोडलेल्या लेखणीने, बेघर माणूस समाजाला कसा दाखवला. आणि आपण त्यात बेलवलकर पाहिला, पण राजा पाहिला का? 🧵

३/२९
विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, २७ फेब्रुवारी १९१२ रोजी पुण्यात जन्मले. पण त्यांचे प्राथमिक शिक्षण पिंपळगावात आणि पुढचे नाशिकमध्ये झाले. पत्रकारितेच्या निमित्ताने ते इतर शहरांत राहिले, तरी अखेर नाशिकलाच स्थिरावले आणि १० मार्च १९९९ रोजी तेथेच निवर्तले. १९४२ च्या ‘विशाखा’ने त्यांना कवी म्हणून प्रतिष्ठा दिली. १९८७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. ‘नटसम्राट’ मात्र त्यांच्या इतर सर्व लेखनापेक्षा अधिक घरांत पोहोचले.

४/२९
त्यांच्या तरुणपणातील एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. १९३२ मध्ये वीस वर्षांचे शिरवाडकर या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. माणसासमोर बंद होणारे दार म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी आपल्या गावात पाहिले होते.

५/२९
‘नटसम्राट’चे मूळ शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये आहे. शिरवाडकरांना शेक्सपिअर परका नव्हता: ‘मॅकबेथ’वरून त्यांनी ‘राजमुकुट’ लिहिले होते आणि ‘ऑथेल्लो’ही मराठीत आणले होते. थोर नट नानासाहेब फाटक यांना लिअरची भूमिका करायची होती. त्या नाटकाचा विचार करता करता शिरवाडकरांच्या मनात राजाच्या जागी एक म्हातारा नट आला. राज्य वाटून टाकणारा राजा गेला आणि आयुष्यभर दुसऱ्यांची राज्ये रंगवणारा माणूस आला.

६/२९
लिअरच्या कथेतील एक क्षण बेघरपणाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. मुलींनी दारे लावून घेतल्यावर राजा उघड्या माळावर वादळात सापडतो. तेथे त्याला प्रथमच आठवण होते ती आपल्या राज्यातील अंगावर धड वस्त्र नसलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या प्रजेची. सत्तेवर असताना आपण या लोकांची फार कमी काळजी घेतली, अशी कबुली तो देतो. राजाला बेघर प्रजा दिसायला स्वतः बेघर व्हावे लागले.

७/२९
शेक्सपिअरला हा विषय सुचला त्यामागे त्याच्या काळाचा कायदाही होता. इंग्लंडमध्ये १५७२ साली भटक्यांना शासन करणारा कायदा झाला. एखाद्या सरदाराचा आश्रय नसलेल्या नटांनाही त्या कायद्याने भटक्या-उडाणटप्पूंच्या यादीत घातले. म्हणून त्या काळच्या नाटक मंडळ्या कुणा ना कुणा उमरावाच्या नावाने ओळखल्या जात. पाठीशी धनी असेल तर कलावंत, नसेल तर गुन्हेगार: नट आणि बेघर यांच्यात कायद्याने ठेवलेले अंतर एवढेच होते.

८/२९
मराठी नटाची स्थिती निराळी, पण नाते तेच. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यानंतर नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. नटाचे बिऱ्हाड म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड; आज एक गाव, उद्या दुसरे. जेवण कंपनीत, झोप कंपनीत. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि त्या दशकात एकेक मंडळी मोडत गेली. कंपनी मोडली की नटाचे छप्परही जाई.

९/२९
बेलवलकर हे या पिढीच्या अखेरच्या वैभवाचे प्रतिनिधी. नाटकाच्या आरंभी त्यांचा सत्कार होतो. टाळ्यांच्या कडकडाटात ते रंगभूमीचा निरोप घेतात आणि आयुष्यभर मिळवलेले सारे मुलगा व मुलगी यांच्यात वाटून टाकतात. स्वतःकडे काही ठेवत नाहीत. त्यांच्या लेखी हे दान नसते, निश्चिंतता असते: घर मुलांचे झाले म्हणजे आपलेच राहिले, हा त्यांचा हिशेब. तेव्हाच्या प्रेक्षागृहातील किती तरी आईवडिलांचाही हिशेब तोच होता.

१०/२९
पुढची उतरण शिरवाडकर फार सावकाश दाखवतात. मुलाच्या घरात सून वैतागते. म्हाताऱ्याचा मोठा आवाज, नातीला शिकवलेले खेळ, त्याचे मोकळे बोलणे, सारेच नकोसे होते. मग मुलीचे घर. तेथे तर चोरीचा आळ येतो. कोणी कोणाला धक्के मारून बाहेर काढत नाही. रोज थोडी थोडी जागा कमी होत जाते. तो अपमान आणि पत्नी कावेरीचा मृत्यू, या दोहोंनंतर बेलवलकर रस्त्यावर येतात.

११/२९
येथे ते प्रसिद्ध स्वगत. माणसाऐवजी एक वादळ आसरा मागत दारोदार फिरते आहे, अशी त्यातली कल्पना. पहिल्या प्रयोगात ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी नुकताच वैद्यकीय व्यवसाय सोडून रंगभूमी पूर्णवेळ धरली होती. कावेरी होत्या शांता जोग. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे, निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची.

१२/२९
आणि मग राजा. त्याच्या नावातली गंमत शिरवाडकरांनी उलगडून सांगितलेली नाही, पण ती लपूनही राहत नाही: रस्त्यावर एक सम्राट आणि एक राजा, आणि दोघांना मिळून एक भिंतही नाही. मुलगा बूटपॉलिश करतो, म्हाताऱ्याला खाऊ घालतो, त्याची भाषणे ऐकतो. पोटच्या मुलांना जे जमले नाही ते तो करतो. तो त्यांच्याकडून मालमत्ता घेत नाही, घेण्यासारखे काही उरलेलेही नसते.

१३/२९
शेवटी मुले शोधत येतात. घर परत मिळू शकते. फक्त गाडीत बसायचे. बेलवलकर जात नाहीत. आपण रंगवलेल्या भूमिका आठवत ते तेथेच प्राण सोडतात. हा शेवट अनेकांना हट्टी वाटतो. परंतु नाटकाचा मुद्दा त्यातच आहे. बेलवलकरांना छप्पर हवे होते हे खरे. त्याहून अधिक हवी होती अशी जागा, जिथे आपण अडचण नाही. ती त्यांना पदपथावर मिळालेली असते.

१४/२९
आता नाटकाबाहेरचे वास्तव पाहू. असा म्हातारा १९७० च्या मुंबईत खरोखर पदपथावर बसून नाटकातील उतारे म्हणू लागला असता तर? अकरा वर्षांपूर्वीच, १९५९ मध्ये, मुंबई भीक प्रतिबंधक कायदा झाला होता. त्यात भीक मागण्याची व्याख्या अतिशय रुंद आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने पैसे घेणे म्हणजेही भीक.

१५/२९
एवढेच नव्हे. उदरनिर्वाहाचे साधन उघड दिसत नसताना, भिकेवरच जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणे वा राहणे हेही त्या व्याख्येत बसते. प्रथम दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवता येते. वारंवार झाल्यास दहा वर्षांपर्यंत. १५७२ चा इंग्रजी कायदा आणि १९५९ चा मुंबईचा कायदा यांत जवळपास चार शतके गेली, तरी रस्त्यावरचा नट पुन्हा त्याच यादीत आला.

१६/२९
हा कायदा पुढे इतर राज्यांनी व दिल्लीनेही उचलला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या त्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दारिद्र्यामुळे जगण्यासाठी हात पसरणाऱ्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. तो निर्णय दिल्लीपुरता होता. महाराष्ट्रातील कायदा त्याने रद्द झाला नाही. बेलवलकरांवर रडणाऱ्या महाराष्ट्रात बेलवलकरांना उचलून नेणारा कायदा शांतपणे पुस्तकात राहिला.

१७/२९
नाटकाचा प्रभाव मात्र मोठा होता. १९७४ मध्ये ‘नटसम्राट’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लागूंनंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी बेलवलकर उभा केला. १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर यांचा चित्रपट आला. त्यात नाना पाटेकर होते. जवळजवळ अर्धशतकाने नव्या पिढीनेही तीच कथा रडत पाहिली. म्हणजे कथेतील प्रश्न जुना झाला नव्हता.

१८/२९
२००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा केला. त्याचे तेविसावे कलम वाचताना बेलवलकर आठवल्याशिवाय राहत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. हा कायदा नाटकामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण ज्या अन्यायाला कायद्याने २००७ मध्ये शब्द दिले, त्याला मराठी प्रेक्षकांनी सदतीस वर्षे आधी चेहरा दिलेला पाहिला होता.

१९/२९
यातली मेख ‘अट’ या शब्दात आहे. बेलवलकरांनी अट घातलीच नव्हती. प्रेमाने दिले होते. आणि दुसरी मेख अधिक खोल आहे. हे कलम ज्याच्याकडे देण्याजोगे घर होते त्याच्यासाठी आहे. राजाकडे कधी घरच नव्हते, मग त्याचे कोणते हस्तांतर रद्द करायचे? प्रेक्षागृह बेलवलकरांसाठी रडले, कारण प्रेक्षागृहातल्या माणसांकडेही घर होते आणि ते जाण्याची भीती होती. राजाचे दुःख त्या भीतीच्या बाहेरचे होते.

२०/२९
राजाची बाजू कोणी लिहिली? १९२६ मध्ये मुंबईत रस्त्यावर टाकलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्याने आणि त्याची पत्नी काशीबाई हिने ते घरी नेले, वाढवले, त्याला आपले नाव दिले. तेच नारायण गंगाराम सुर्वे. गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गेले तेव्हा नारायण लहानच होता. हातावर ठेवलेल्या दहा रुपयांनिशी तो पुन्हा मुंबईच्या रस्त्यावर आला.

२१/२९
घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई आणि मग शिक्षक, असा त्यांचा प्रवास झाला. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला आणि १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’. दुसऱ्या संग्रहाच्या नावातच विधान आहे: पदपथ, गिरणी, मोर्चा हेच ज्याचे शिक्षण, त्याच्या विद्यापीठाला भिंती नसतात. सुर्व्यांच्या कवितेत रस्त्यावरचा माणूस दयेची वाट पाहत नाही. तो बोलतो, भांडतो, प्रेम करतो, शहराला जाब विचारतो.

२२/२९
तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘माझे विद्यापीठ’ १९६६, ‘नटसम्राट’ १९७०. म्हणजे रंगमंचावर राजा अवतरण्याच्या चार वर्षे आधीच खऱ्याखुऱ्या पदपथावर वाढलेल्या मुलाने आपले पुस्तक छापले होते. नाटकात राजा म्हाताऱ्याची भाषणे ऐकतो; कवितेत तो स्वतः बोलतो. मराठीत बेघर माणसाचे दोन चेहरे याच दशकात समोरासमोर आले: ज्याचे घर गेले तो, आणि ज्याला ते मिळालेच नाही तो.

२३/२९
तिसरा चेहरा नाशिकच्याच मातीतला. १७ जुलै १९३० रोजी नाशिकजवळच्या विहितगावात बाबूराव बागूल जन्मले. काळाराम सत्याग्रह सुरू होऊन तेव्हा साडेचार महिने झाले होते. लहानपणीच ते मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पमध्ये मावशीकडे गेले. पुढे रेल्वेत नोकरी मिळून सुरतेस पोहोचले. पगार होता, काम होते. राहायला खोली मात्र जात सांगितल्यावर मिळेना.

२४/२९
हा अनुभव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेच्या मुळाशी आहे. त्याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये निघाला. कथेचा नायक रेल्वेत कामाला लागतो आणि भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. खोली मिळते, शेजार मिळतो, मायाही मिळते. आणि जात उघड होताच मार मिळतो. येथे खिशात भाडे आहे, शहरात खोल्या आहेत, तरी माणूस बेघर आहे. बेघरपणाचे कारण केवळ दारिद्र्य असते, हा समज या एका कथेने मोडला.

२५/२९
शब्दांचे हे काम १९८० च्या दशकात कॅमेऱ्याने पुढे नेले. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले आणि ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडल्या गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालय गाठले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार त्याने कायम ठेवला.

२६/२९
त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. झोपडी मोडणारे, मोडायला सांगणारे आणि जिची मोडली ती माणसे, हे सारे त्यात एकाच पडद्यावर दिसले. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये कुलाब्याजवळची संजय गांधी नगर वस्ती पाडली गेली तेव्हा पटवर्धन आणि अभिनेत्री शबाना आझमी रहिवाशांसोबत उपोषणाला बसले. त्या लढ्यातून रहिवाशांना गोरेगावच्या दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली. दाखवण्याचे काम झाल्यावर कलावंत तेथून उठून गेले नाहीत, हे या प्रसंगाचे वेगळेपण.

२७/२९
पुन्हा नाशिकला. गोदावरीला येथे ‘गंगा’ म्हणतात आणि पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. सप्टेंबर १९६९ चा महापूर अजूनही सांगितला जातो. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत पुराने घर उद्ध्वस्त झालेला एक माजी विद्यार्थी भर पावसात गुरुजींकडे येतो. गुरुजी पैसे काढू पाहतात. तो ते नाकारतो. त्याला फक्त पाठीवर हात हवा असतो. घर गेलेल्या माणसाकडे भिकारी म्हणून पाहू नका, हे बजावणारा तोच लेखक आहे ज्याने बेलवलकरांना गाडीत बसू दिले नाही.

२८/२९
नाशिकचे पुराणातील नाव जनस्थान. वनवासी रामाची पर्णकुटी पंचवटीत होती, अशी श्रद्धा; म्हणजे या गावाची जुनी ओळखच घर सुटलेल्या माणसांनी उभारलेल्या झोपडीशी जोडलेली आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठान १९९१ पासून एक वर्षाआड ‘जनस्थान पुरस्कार’ देते. २००५ मध्ये तो नारायण सुर्वे यांना आणि २००७ मध्ये बाबूराव बागूल यांना मिळाला. बेलवलकर निर्मिणाऱ्याच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थेने रस्त्यावर सापडलेल्या कवीचा आणि खोली नाकारलेल्या कथाकाराचा लागोपाठ सन्मान केला. बागूल पुढच्याच वर्षी, २६ मार्च २००८ रोजी, नाशिकमध्ये निवर्तले.

२९/२९
२७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. २०११ मध्ये त्याच्या दुसऱ्याच रात्री, २८ फेब्रुवारीला, जनगणनेचे कर्मचारी पदपथ, पुलांखालच्या जागा, रेल्वे फलाट, देवळांची आवारे येथे झोपलेल्या माणसांना मोजत होते. देशात १७.७ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले, त्यांतील सुमारे २.१ लाख महाराष्ट्रात. २००१ च्या तुलनेत देशाचा एकूण आकडा घटला होता, शहरांतला वाढला होता. शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान १०० जणांसाठी एक निवारा हवा, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. २०११ मध्ये नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती. त्या हिशेबाने सुमारे पंधरा निवारे हवेत. गौरव दिनी बेलवलकरांचे स्वगत अनेक मंचांवर होते. पुढच्या वेळी ते ऐकून बाहेर पडताना नाट्यगृहासमोरच्या पदपथावर पाहावे. राजा बहुधा तेथेच असेल, आणि त्याला अजून कोणी विचारलेले नसेल.

#नाशिक #नटसम्राट #कुसुमाग्रज #इतिहास #थ्रेड